वळणावर कोण ओरडलं

११ जानेवारी, रविवार

भाऊजी,

नमस्कार म्हणण्याइतकी ओळख शिल्लक असेल तर नमस्कार. नसेल तर हे पत्र आपल्या फर्निचरच्या दुकानाकडून एका जुन्या कातारी कारागिराला आलंय असं समजा आणि पुढे वाचा, कारण काम तातडीचं आहे.

मला दोन चाकं हवी आहेत. उतारगाडीची, मागची. काल शिडी लावून माळ्यावर चढले आणि गाडी खाली काढली. पुढची चाकं ठणठणीत आहेत. मागच्यातलं एक पार तडकलंय आणि दुसऱ्याची कड उंदरांनी खाल्ली आहे. माप मी लिहीत नाही. तुम्हीच ती कातली होती, तेव्हा तुम्हाला झोपेतसुद्धा पाठ असणार.

आता विचाराल, गाडी कशाला काढली. तर ऐका. काल गल्लीची बैठक झाली, आरसेवाल्यांच्या दुकानात, म्हणजे जिकडे बघावं तिकडे आपलंच तोंड. सगळे सुतकी चेहरे करून बसले होते. आरसेवाले उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, आपला चेंडू गेला, तेव्हा यंदा उतारशर्यत होणार नाही, तीच त्याला श्रद्धांजली. सगळ्यांनी माना हलवल्या. भाऊजी, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुमच्या ज्या मित्रानं आयुष्यात कुणाला दोन मिनिटं गप्प बसू दिलं नाही, त्याच्यासाठी आख्खी गल्ली गप्प बसणार? सासरे पोटच्या पोराला 'खुशालचेंडू' म्हणून शिव्या घालायचे आणि गल्लीनं त्यातला चेंडू तेवढा उचलला, तो काय असा उशाशी घेऊन रडत बसण्यासाठी?

मी उभी राहिले आणि बोलले. काय बोलले ते आता नीट आठवत नाही, पण बोलताना हातवारे बरेच झाले असावेत, कारण चार आरशांतून चार बायका माझ्या अंगावर धावून येत होत्या. म्हटलं, उरलेल्या लाकडाच्या गाड्या करायच्या, इंजिन नाही, पुढच्यानं दोरीनं वळवायचं, मागच्यानं पुढच्याच्या पाठीला पाठ लावून उलटं बसायचं, समोरचं काही न दिसता हाकेसरशी ब्रेक दाबायचा. असला वेडेपणा जगात दुसऱ्या कुठल्या गल्लीत होत असेल असं मला वाटत नाही. तो वेडेपणा त्यानं वाढवला, आणि तुम्ही तो त्याच्याच नावानं पुरायला निघालात.

शेवटी कबूल झाले. एकदोन अटी घातल्या आहेत, त्या काही विशेष नाहीत. शर्यत मार्चच्या पहिल्या रविवारी.

चाकं लवकर पाठवा. मागे बसायला माणसांचा तुटवडा नाही, त्याची काळजी नको.

— वहिनी


२१ जानेवारी, बुधवार

भाऊजी,

तुमचं कार्ड आलं. 'चाकं पाठवतो. पुढे कोण बसणार?' एवढंच. शब्दांना कर लागतो का हो तुमच्या गावात? पण आलं, हेच मला मोठं. पोस्टमननं कार्ड उलटं धरलं होतं तरी अक्षर लांबूनच ओळखलं. तुमचे 'क' अजूनही लेथवर कातल्यासारखे गोल आहेत.

पुढे मी बसणार आहे.

हसून झालं असेल तर पुढे वाचा. लेकीनं फोनवर अर्धा तास माझी हजेरी घेतली. आई, तुझं वय काय, गुडघे काय, पडलीस तर कोण करणार. मी म्हटलं, तुझा बाप माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा होता आणि गाडीवरून नाही, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. त्यावर ती म्हणाली, हेल्मेट घाल. म्हणजे परवानगी मिळाली.

ते खुर्चीतलं तुम्हाला कुणी नीट सांगितलं नसेल. मी तेव्हा तार केल्यासारखे दोन शब्द कळवले आणि तुम्ही दोन शब्दांत उत्तर दिलंत, तुम्ही काही आला नाहीत. जाऊ दे. झालं असं की दुपारचा चहा आला होता. तो नव्या खुर्चीवर बसून एका डॉक्टरची गोष्ट सांगत होता. शेवटचं वाक्य यायच्या आधी त्यानं मान टाकली. आम्ही सगळे हसत सुटलो, भाऊजी. मी, गादीवाल्या वहिनी, चहावाला, सगळे. मरायचं सोंग त्यानं आयुष्यात किती वेळा केलं असेल. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की छातीवर हात ठेवून फळ्यांच्या ढिगावर कोसळायचाच की. आम्ही वाट बघत होतो त्याच्या उठण्याची. अजूनही कधी कधी मला त्या हसण्याची लाज वाटते, आणि मग वाटतं, त्याच्या कानात शेवटी काय पडलं, तर आमचं हसणं. यापेक्षा त्याला काय हवं होतं?

गल्लीत रोज कुणी ना कुणी त्याची गोष्ट सांगायला येतं. कालच लोखंडवाले आले. त्या नव्या नवरीच्या घरी कपाट पोचवायचं होतं ती. तुम्ही होतात की तेव्हा हातगाडी ढकलायला. कपाट एवढं जड कसं म्हणून तुम्ही घाम पुसत होतात, आणि नवरीच्या बापानं दार उघडलं तर हे महाराज आत घडी घालून उभे, म्हणे, 'कप्पे मजबूत आहेत, स्वतः तपासलेत.' लोखंडवाले सांगतानाच इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. माझ्याशी लग्न करण्याआधी तीन वर्षं तो माझा नुसता मित्र होता, आणि त्या तीन वर्षांत मी पॉलिश करायला घेतलेल्या एकाही वस्तूवर एकसारखा हात फिरवू शकले नाही. बोळा लाखेत बुडवला की हा काहीतरी बोलणार आणि माझा हात हलणार. सगळ्या गल्लीत मी पॉलिश केलेली टेबलं ओळखू यायची, प्रत्येकावर एक हसण्याचा डाग.

असो. आता खरं सांगते, कारण पान संपत आलंय आणि धीर गोळा झालाय. आरसेवाल्यांची अट अशी आहे की चेंडूच्या दुकानाची गाडी उतरली तरच यंदा शर्यत, नाही तर नाही. आणि नियम तर तुम्हाला ठाऊकच आहे, पुढचा आणि मागचा दोघंही त्या त्या दुकानात काम केलेलेच लागतात. आपल्या दुकानात काम केलेली माणसं किती? तो, मी, आणि तुम्ही.

तुटवडा नाही असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते खोटं होतं. मागे तुम्हीच हवे आहात.

— वहिनी


१ फेब्रुवारी, रविवार

भाऊजी,

चाकं पोचली. काय चाकं आहेत. मी ती स्वयंपाकघरात आणून ठेवली आणि भाकरीपेक्षा जास्त वेळा उलटून पाहिली. रबराची पट्टी किती साफ बसवली आहे, एक खिळा वर नाही. मी त्यांना लाखेचे तीन हात दिले, गरज नव्हती तरी.

आणि त्याच खोक्यात तुमची चिठ्ठी. 'मला जमणार नाही. दुसरं कुणी बघा.'

दुसरं कुणी नाही, ते मी सांगून झालंय. तुम्हाला का जमणार नाही तेही मला माहीत आहे. लेकीच्या साखरपुड्यात त्यानं केलेली नक्कल. सहा वर्षं झाली तरी माझ्या डोळ्यांसमोर आहे. नव्या व्याह्यांसमोर तो कमरेत वाकून उलटा बसला, डोळे गच्च मिटले, आणि तुमच्या आवाजात देवाचा धावा करत कच्चकन ब्रेक दाबला. मंडपभर हशा. तुम्ही हातातलं ताट खाली ठेवलंत, माझ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवलात आणि निघून गेलात. महिन्याभरानं गल्लीतूनही गेलात. त्या आधी वर्षभर गल्लीनं तुमचं नावच 'कचकन' पाडलं होतं. 'आले का कचकन?' 'कचकन, चहा घेणार?' मला ते आवडत नव्हतं. त्याला मी एकदोनदा म्हटलंसुद्धा. तो म्हणायचा, अगं, मित्राची नाही करायची तर कुणाची करायची?

पण भाऊजी, मला एक सांगा. त्या आधीच्या शर्यतीत घाबरला माणूस, दाबला ब्रेक, त्यात एवढं काय? पाण्याच्या टाकीपाशी असलेल्या त्या वळणावर कोण घाबरत नाही? तो म्हणाला होता 'सोड', तुमच्या हातून झालं उलटं. गाडी गादीवाल्यांच्या कापसात घुसली, त्याचं हाड मोडलं, हातातली शर्यत गेली, पण त्यानं कधी तुम्हाला दोष दिला का? हसण्यावारीच नेलं ना? तुम्ही मात्र 'तो दाब म्हणाला, तो दाब म्हणाला' हेच धरून बसलात. एकदा 'बरं बाबा, घाबरलो' म्हटलं असतंत तर विषय तिथेच मिटला असता.

मी भांडायला लिहीत नाही. मला भांडायला कुणी उरलेलं नाही म्हणून सवयीनं लिहून जाते. पण विचार करा. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठीही नाही. तुम्ही नाही आलात तर शर्यत नाही, आणि ती एकदा बंद पडली की परत कोण उभी करणार? मग त्याचं या गल्लीत राहिलं काय? काही खुर्च्या.

सरावाला मी सुरुवात करते आहे. तात्पुरत्या गादीवाल्या वहिनी मागे बसणार आहेत. त्यांचा आकार तुम्हाला आठवत असेल. ब्रेक नसला तरी गाडी थांबेल.

— वहिनी


९ फेब्रुवारी, सोमवार

भाऊजी,

घाईघाईनं लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या. पडले म्हणून नाही. पडले, पण कोपराचं साल गेलं तेवढंच.

आधी सगळं सांगते. काल सकाळी गल्ली बंद होती, रस्ता रिकामा. मी आणि गादीवाल्या वहिनी गाडी वर चढवून नेली. वहिनी मागे बसल्या तेव्हा गाडीचा पुढचा भाग उचलला गेला आणि मला क्षणभर वाटलं मी घोड्यावर बसले आहे. त्या म्हणाल्या, 'दाब म्हटलंस की दाबते, सोड म्हटलंस की सोडते, मला बाकी काही विचारू नकोस.' म्हटलं, बरोबर, एवढंच काम आहे. आणि निघालो.

तुम्ही पुढे कधी बसलात का हो? तो तुम्हाला बसू देणारच नाही, मला ठाऊक आहे. काय असतं ते. पहिल्यांदा गाडी चालल्यासारखी चालते, मग धावते, मग आपली राहत नाही. लोखंडवाल्यांच्या दुकानापाशी माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, नुसतं वाऱ्यानं. मी मोठ्यांदा हसत होते. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला कुणाच्या गोष्टीशिवाय हसू येत होतं. मनात म्हटलं, अस्सं, म्हणून तू दरवर्षी पोरासारखा नाचायचास. मी ठरवलं होतं, टाकीच्या वळणावर ब्रेक लावायचा नाही. त्याची हौस होती ना, एकदा ते वळण ब्रेक न लावता घ्यायचं. मी घेणार. अगदी दातओठ खाऊन ठरवलं होतं.

वळण आलं आणि वहिनींनी करकचून ब्रेक दाबला. गाडी फिरली, मी रस्त्यावर, वहिनी माझ्यावर.

मी उठले ती भांडतच उठले. म्हटलं, वहिनी, दाबला का? मी काही बोलले नाही, ओठसुद्धा हलवला नाही. वहिनी धुरळा झटकत म्हणाल्या, 'अगं, एवढी बोंबललीस, टाकीत पाणी असतं तर हिंदकळलं असतं. दाब, दाब, दाब. तीनदा.' मी म्हटलं, शक्य नाही. चहावाला खालून पळत आला, त्याला विचारलं. तो म्हणाला, बाई, माझ्या हातातली किटली पडली तुमच्या ओरडण्यानं. लोखंडवाले गच्चीत कपडे वाळत घालत होते, तेही म्हणाले, दाब. मी म्हटलं, तुम्ही सगळे मिळालेले आहात. मी तिथे रस्त्यात उभं राहून, केसात माती, सगळ्यांना दमात घेत म्हटलं, 'माझ्या तोंडून शब्द निघाला असता तर मला कळलं नसतं का?'

आणि भाऊजी, हे वाक्य माझं नव्हतंच. हे त्याचं वाक्य. हात गळ्यात बांधलेला, गादीवाल्यांच्या ओट्यावर बसलेला, तुम्ही समोर उभे, आणि तो हसत हसत तुम्हाला हेच म्हणाला होता. अक्षर न् अक्षर.

मी तिथेच खाली बसले. वहिनींना वाटलं मुका मार लागला. त्या मला हळद लावायला निघाल्या.

तो ओरडला होता. तो 'दाब' म्हणाला होता, तुम्ही दाबलात. तुम्ही तुमचं काम चोख केलंत, आणि सात वर्षं 'कचकन' होऊन बसलात.

त्याला माहीत होतं का, हे आता कुणाला विचारू? सव्वीस वर्षं एका ताटात जेवले त्याच्यासोबत, आणि मला सांगता येत नाही. माहीत असून त्यानं तुमची नक्कल केली असेल, तर आत्ता समोर असता तर मी त्याच्या डोक्यात रंधा घातला असता. आणि माझ्यासारखंच त्याला कळलं नसेल, तर तुम्ही दोघंही खरं बोलत होतात आणि दोघांचं वाटोळं झालं. रात्रभर मी एकदा इकडून आणि एकदा तिकडून त्याच्यावर चिडत होते. त्याच्यावर चिडायला मिळालं याचाही आनंद होत होता, काय सांगू तुम्हाला. आठ महिने सगळी गल्ली त्याला नुसता गोड गोड करून ठेवते आहे. काल तो मला परत खराखुरा भेटला, आगाऊ, हट्टी, आतून घाबरट.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं, 'घाबरलो म्हटलं असतंत तर' वगैरे, ते फाडून टाका. चुलीत घाला.

येणं न येणं तुमच्यावर. पण शर्यत होवो न होवो, मी हे सगळ्या गल्लीसमोर सांगणार आहे. तुमच्यावरचा डाग मी काढणार. डाग काढणं हाच माझा धंदा आहे.

— वहिनी


१७ फेब्रुवारी, मंगळवार

भाऊजी,

'ब्रेकची फळी कुठल्या लाकडाची आहे?'

कार्ड घेऊन मी आधी दुकानात एक फेरी नाचले. मग गादीवाल्यांकडे धावत गेले, मग आरसेवाल्यांकडे. ते म्हणाले, वहिनी, यात येतो असं कुठे लिहिलंय? मी म्हटलं, तुम्ही आरसेच विका. न येणारा माणूस ब्रेकचं लाकूड विचारतो का?

फळी जुन्या पलंगाच्या पायाची आहे, शिसवी. घासून गुळगुळीत झाली आहे. नवी करायची असेल तर येताना घेऊन या, इथे तुमच्या हाताला हवं तसं लाकूड मी निवडू शकत नाही.

गल्लीत सध्या काय चाललंय ते बघायलाच हवं. पिंपवाल्यांनी आख्खं पिंप आडवं करून त्याला चाकं लावली आहेत. लोखंडवाले लाकूड कुठून आणणार म्हणून शेजाऱ्यांची जुनी दारं मागत फिरतायत. कामं सगळी पडून आहेत. एका गिऱ्हाईकानं विचारलं, माझी टेबलं कधी? मी सांगितलं, एक तारखेनंतर, आत्ता आमच्याकडे महत्त्वाचं काम आहे. ते तुमच्या मित्राचं उत्तर. माझ्या तोंडून कधी निघालं कळलंच नाही.

तुमची खोली झाडून ठेवली आहे. अंथरूण गादीवाल्या वहिनींनी नवं भरून दिलंय.

— वहिनी


२ मार्च, सोमवार

भाऊजी,

काल तुम्ही जेवायलाही थांबला नाहीत. सकाळच्या गाडीनं आलात, संध्याकाळच्या गाडीनं गेलात, आणि वर म्हणालात, मालकाला सांगून आलो नाही. या वयात कामाला बुट्टी मारून पळून आलात. माझी चीड अर्धी तिथेच गेली. उरलेली अर्धी या पत्रात आहे.

तुम्ही खोटं का बोललात?

मी किती तयारी केली होती. आरसेवाल्यांनी माईकवर 'आले, आले, आपले कचकन आले' अशी आरोळी ठोकली, सगळे हसले, आणि मी त्यांच्या हातातून माईक ओढून घेतला. सगळं सांगितलं. वळणाचं, माझ्या ओरडण्याचं, त्याच्या त्या वाक्याचं. म्हटलं, चेंडू 'दाब' म्हणाला होता, यांनी दाबला. सात वर्षं तुम्ही एका सरळ माणसाला हसलात. मला वाटलं, झालं, फिटलं. सगळे तुमच्याकडे बघत होते. तुम्ही माईक घेतलात, दोनदा फुंकर मारलीत आणि म्हणालात, 'वहिनींचं मनावर घेऊ नका. तो सोड म्हणाला होता. मी घाबरलो.'

आणि मग तुम्ही, ज्यांनी जन्मात कधी कुणाची नक्कल केली नाही, ते भर रस्त्यात कमरेत वाकलात, डोळे मिटलेत, देवाचा धावा केलात आणि कच्चकन ब्रेक दाबलात. त्याच्यापेक्षा बरं केलंत असं नाही म्हणणार. पण गल्ली अशी हसली, भाऊजी, की पिंपवाले पिंपातून बाहेर पडले. चहावाला हसता हसता रडायला लागला. तो गेल्यापासून त्याची ती गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती. सांगणार कोण, करून दाखवणार कोण?

मला मात्र तुमचे केस उपटावेसे वाटत होते. मी ज्यासाठी एवढं केलं तेच तुम्ही रस्त्यावर ओतून दिलंत. तेवढ्यात शिट्टी झाली आणि बसावंच लागलं.

आता तुम्ही उलटे बसलेले होतात, तुम्हाला नुसता मागे पळणारा रस्ता दिसला असेल. तेव्हा पुढे काय झालं ते सांगते, तुमचा हक्क आहे. सुरुवातीला आपण पाचवे होतो. लोखंडवाल्यांचं दार निखळून बाजूला पडलं, ते दारासकट दुसऱ्याच बोळात गेले. मग चौथे. शाळेच्या भिंतीवर पोरं ओळीनं बसली होती आणि प्रत्येकजण दुसऱ्याला ढकलत होता. आपल्या गाडीचा आवाज सगळ्यांत कमी होता, तुमच्या चाकांमुळे. बाकीच्या गाड्या खडखडत होत्या, आपली नुसती शीळ घालत होती. दोन गाड्या एकमेकींत अडकल्या, मी दोरी डावीकडे ओढली आणि त्यांच्या शेजारून अशी गेले की एकाची टोपी माझ्या मांडीवर पडली. ती अजून माझ्याकडे आहे. पुढे आता फक्त पिंप, आणि पिंपाच्या पुढे टाकीचं वळण.

मग मला काही ऐकू येईना. एवढंच कळलं की तुमची पाठ माझ्या पाठीला टेकलेली आहे. ती ताठ झाली, ब्रेक लागला असं वाटलं, आणि लगेच ती सैल पडली. गाडी आत झुकली, एक चाक उचललं गेलं, आणि आपण वळणाच्या पलीकडे होतो, उभे, सरळ, पिंपाच्या मागोमाग. दुसरे आलो. त्या वळणावर इतक्या वेगानं आजवर कुणी आलेलं नाही असं आरसेवाले म्हणतात. ते काय, दरवर्षी हेच म्हणतात. पण यंदा मला ते पटलं.

उतरल्यावर मी तुम्हाला विचारणार होते, पण लोकांनी तुम्हाला उचलूनच घेतलं. संध्याकाळी गाडीच्या थांब्यावर विचारलं ते दुसरंच. खोटं का बोललात, म्हणून. तुम्ही पिशवी या हातातून त्या हातात घेतलीत आणि म्हणालात, 'त्याला आता उत्तर देता येत नाही, वहिनी. आणि गोष्ट त्याचीच चांगली होती.'

तुमची गाडी गेली. मी तिथल्या बाकावर बसून रडले. अगदी मोकळी रडले, येणारे जाणारे बघत होते तरी. आठ महिने प्रत्येकजण मला हसवायला येत होता आणि मी यजमानीण असल्यासारखी हसत होते. काल पहिल्यांदा त्याच्यासाठी कुणी काहीतरी सोडून दिलं, आणि मला वाटलं, आता मी एकटीच त्याची नाही उरले. मग नाक पुसलं, घरी आले, आणि चार भाकऱ्या खाल्ल्या. तुमच्यासाठी केलेल्या.

आता मुख्य गोष्ट. वळणावर मी ओरडले, यात कुणाचंच दुमत नाही. पण काय ओरडले? गादीवाल्या वहिनी शपथेवर सांगतात, 'दाब'. पिंपवाले म्हणतात, 'सोड', आणि त्यांना ते चांगलंच ऐकू आलं, कारण ते घाबरले. चहावाला म्हणतो, दोन्ही नाही, मी चेंडूला हाक मारली, जेवायला बोलवायचे तशी. सकाळपासून दुकानात यावरून भांडणं चालू आहेत आणि कामाला कुणाचा हात नाही. मला स्वतःला काहीच आठवत नाही. मी ओठसुद्धा हलवले नसतील असंच मला वाटतं.

माझ्या पाठीला पाठ लावून तुम्ही बसला होतात. ते तुम्ही ऐकलंत, आणि त्यावर तुमच्या हातानं काय करायचं ते केलं. तेव्हा तुम्ही लिहा. एका ओळीत चालेल, तुमच्या नेहमीच्या कार्डावर. तुम्ही जे लिहाल तेच मी ओरडले. गल्ली काहीही म्हणो, मी तुमचंच खरं मानीन.

— वहिनी